रिजेक्ट खोका आणि चौदा महिने

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवतात तिथे आहे, एकवीस वर्षं झाली. पॉइंट झिरो टू मिलिमीटर इकडंतिकडं झालं की जॉब परत पाठवायचा, ही हाताला लागलेली सवय. पक्ष्यांशी संबंध म्हणाल तर गाडीच्या काचेवर पडायचा तेवढाच. इंदिरानगरला आमचं रो-हाउस आहे. पुढे बारा बाय अठरा फुटांची बाग, मागे धुण्याची जागा. त्या एवढ्याशा जागेत पक्षी यावेत म्हणून मी जे उद्योग केले, ते तारीखवार लिहून ठेवतोय. मी सुरुवातीला पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत घरट्याचा खोका टांगला की दुसऱ्या दिवशी चिमणी हजर असायची. आमच्याकडे चौदा महिने लागले, आणि चिमणी तर आलीच नाही.

सुरुवात झाली २० मार्च २०२४ ला. त्या दिवशी जागतिक चिमणी दिवस असतो, हे कँटीनमध्ये डब्बा खाताना एका सहकाऱ्याने सांगितलं. २०१० पासून तो पाळतात आणि तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचेच, हेही तेव्हाच कळलं. सहावीतल्या मुलीला घरी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘बाबा, मग आपल्याकडे चिमण्या का नाहीत?’ मी म्हटलं, करू की खोका. टूलरूमवाल्याला खोका म्हणजे काय अवघड!

लाकूड आणणंच पहिलं अवघड निघालं. कंपनीत मशीन ज्या पेट्यांतून येतात त्यांचं पाइनवुड स्क्रॅपला जातं. ते विकत घेता येतं, पण गेटपास लागतो. स्टोअर्सला अर्ज, डिपार्टमेंट हेडची सही, मग वजनकाटा, मग स्क्रॅपच्या दराने अकाउंट्सला पैसे, पावती, आणि शेवटी सिक्युरिटीला चलनाच्या तीन प्रती. २२ मार्चला अर्ज दिला. मार्चएंडची स्टॉकमोजणी चालू, त्यामुळे ‘एक तारखेनंतर या.’ ६ एप्रिलला चौदा किलो फळ्या एकशे बारा रुपयांत हातात पडल्या. अशा फळ्या घेणार असाल तर वरचा शिक्का जरूर बघा. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं, ते चालतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घेऊ नका.

९ एप्रिलला पाडवा होता. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि दुपारी कापायला बसलो. माप असं: आतून तळ पंधरा बाय पंधरा सेंटिमीटर, उंची वीस, चिमणीसाठी होल बत्तीस मिलिमीटरचं आणि ते तळापासून पंधरा सेंटिमीटरवर. छप्पर पुढे पाच सेंटिमीटर बाहेर. तळाला पाणी निथळायला चार बारीक छिद्रं, छपराखाली हवेला दोन. एक बाजू स्क्रूवर उघडणारी, म्हणजे नंतर साफ करता येतो. होलखाली बसायला दांडी लावायची नाही. चिमणीला तिची गरज नसते, उलट तिच्यावर बसून दुसरेच पक्षी आत चोच घालतात.

मी तीन खोके केले. दोन बरोबर झाले, तिसऱ्यात घोळ झाला. होल सॉचा, म्हणजे भोक पाडायच्या गोल करवतींचा सेट पुतण्याकडून मागून आणला होता. बोलता बोलता बत्तीसच्या ऐवजी दाराच्या कुलपासाठीचा चौपन्नचा लावला आणि फळी आरपार झाल्यावर लक्षात आलं. सवयीने लाल खडूने फुली मारून तो बाजूला ठेवला. आईने तो उचलला, मागच्या दाराबाहेर सज्जाखाली खिळ्याला लावला आणि त्यात कपड्यांचे चिमटे ठेवायला सुरुवात केली. ‘वाया कशाला घालवतो? पाटीसारखा छान आहे.’

दोन चांगले खोके १४ एप्रिलला लावले. एक पश्चिमेच्या भिंतीवर, कारण तिथून हॉलमधून दिसतो. दुसरा पुढच्या मीटरच्या वर. आतून मी दोन्ही पॉलिशपेपरने असे गुळगुळीत केले होते की बोट फिरवलं तर सरकून जावं. ती चूक होती, पण हे महिन्याने कळलं. पिल्लांना वर चढून बाहेर यायला आत खडबडीत लागतं. मग दोन्ही खोके उतरवून होलच्या खाली आतल्या बाजूने कानशीने आडव्या खाचा पाडल्या. त्याच वेळी, मे महिन्यात, दुपारी तीनला कंपनीतलं थर्मामीटर पश्चिमेच्या खोक्यात घालून बघितलं. सेहेचाळीस. पिल्लं असती तर काय झालं असतं, हा विचार करून घशाशी आलं. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, दुपारचं ऊन नको, जमिनीपासून आठ-दहा फूट, हे नियम मी वाचले होते. वाचले होते आणि हॉलमधून दिसावं म्हणून मोडले होते.

इकडे आई निफाडकडची. तिने माझ्या खोक्याकडे एकदाच बघितलं. ‘अरे बाबा, उन्हाळ्यात पाखराला पाणी पायजे. बंगला काय करील ते?’ एक माठ तडकला होता, त्याचं खालचं खापर तिने पेरूच्या झाडाखाली ठेवलं, त्यात पाणी आणि मधोमध एक दगड. खर्च शून्य. तिसऱ्या दिवशी साळुंक्या. पाचव्या दिवशी बुलबुलाची जोडी, शेपटीखाली लाल असतं तो. दुपारी बाराच्या आसपास बुलबुल पाण्यात उतरायचा, पोट टेकवायचा, पंख असे फडफडवायचा की खापर अर्धं रिकामं. मग पेरूच्या फांदीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून काढायचा. मी रविवारी चहा घेऊन हे पाऊण तास बघितलं आणि चहा तसाच राहिला.

पाण्याबद्दल तीन गोष्टी शिकलो, त्यातली एक फार वाईट रीतीने. खोली दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नको. पाणी रोज बदलायचं, कारण डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तिसरी: खापर जमिनीवर आणि झुडपाला लागून ठेवायचं नाही. २३ मेच्या सकाळी हमेलियाच्या झुडपामागे दबा धरून बसलेल्या मांजरीने होला पक्षी उचलला. माझ्यासमोर. अंगणात नुसती राखाडी-तपकिरी पिसं राहिली. मुलगी दोन दिवस बागेत आली नाही. त्याच आठवड्यात कुंभारवाड्यातून सत्तर रुपयांची पसरट परळ आणली, चार फुटी जीआय पाइपवर बसवली आणि झुडपापासून सहा फूट मोकळ्या जागेत रोवली. आजूबाजूला मोकळं असलं की पक्ष्याला मांजर लांबून दिसते. अजून एकही गेलेला नाही.

जूनमध्ये मी दाण्याच्या नादाला लागलो. प्लॅस्टिकच्या बाटलीत दोन चमचे आडवे खुपसून करतात तसलं. वाऱ्याने ती गोल फिरायची आणि बाजरी खाली. खाली बाजरी म्हणजे कबुतरं. आठ दिवसांत मोजली तेव्हा बत्तीस होती, माझ्या होलच्या मापाएवढी. समोरच्या काकूंच्या वाळवणावर, शेजारच्या भाऊसाहेबांच्या नव्या गाडीवर, सगळीकडे विष्ठा. आमची चौदा घरांची सोसायटी आहे. २४ जूनला लेखी पत्र आलं, सही-शिक्क्यासह. वाचून आधी राग आला. नंतर काकूंकडे गेलो तर त्यांनी त्यांच्या भावाचं सांगितलं, कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाचा त्रास झालेला, महिनाभर दवाखान्यात. मी गप्प बसलो. काकूच म्हणाल्या, ‘तुम्ही इंजिनिअर ना? मग असं काही करा की बारकी पाखरं खातील आणि हे मेले नाही.’ मी इंजिनिअर नाही, आयटीआय आहे, पण काम बरोबर सांगितलं.

रविवार कारंजावरच्या बाजारातून दीड इंची चौकोनाची वेल्डेड जाळी आणली, दोनशे चाळीस रुपये. तिचा एक फूट उंच पिंजरा करून आत करवंटी टांगली, तळाला तीन छिद्रं पाडून. दीड इंचातून मुनिया आणि चिमणीएवढे पक्षी आरामात जातात, कबुतराचं डोकं जातं पण खांदे अडकतात. आत फक्त एक मूठ बाजरी आणि राळा, सकाळी सातला, खाली सांडलेलं साडेआठला झाडून टाकायचं. कबुतरं दहा दिवस पिंजऱ्यावर बसून विचार करत होती, मग गेली. ७ जुलैला सोसायटीच्या मीटिंगमध्ये या अटी लेखी दिल्या, त्यांनी मान्य केल्या. ठिपकेवाल्या मुनिया ऑगस्टमध्ये आल्या. खरं सांगायचं तर पावसाळ्यात दाणा बंदच ठेवावा. ओल्या बाजरीला दोन दिवसांत बुरशी येते, ती पक्ष्यांना वाईट. शेव, फरसाण, पाव, तेला-मिठाचा भात हे तर कधीच नको.

जुलैत मधुमालतीच्या वेलात बुलबुलाने घरटं केलं. वाटीएवढं, आत तीन अंडी, फिकट गुलाबी, लालसर ठिपक्यांची. आम्ही पुढच्या दाराने ये-जा बंद केली. पिल्लं निघाली, चार-पाच दिवसांची झाली आणि एका सकाळी भारद्वाज आला. त्याचं दर्शन शुभ मानतात, आईने हातही जोडले. तो वेलात शिरला. बुलबुल दोघं ओरडत होते, मी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या, ‘हाड हाड’ केलं. भारद्वाज शांतपणे एकेक पिल्लू घेऊन गेला. दुपारी आई म्हणाली, ‘त्याच्याबी पोटाला लागतं.’ मला ते पटायला वेळ लागला.

ऑगस्टमध्ये महापालिकेच्या ताई डासांच्या अळ्या तपासायला आल्या. मी मोठ्या उत्साहाने परळ दाखवली, रोज बदलतो वगैरे. त्यांनी टॉर्च मारली, ठीक म्हणाल्या, आणि मग तुळशीच्या कुंडीखालची ताटली उचलली. त्यात वळवळत होत्या. वहीत नोंद झाली. तेव्हापासून कुंड्यांखाली ताटल्या नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत घरात वाद झाला. शिंजीर हा चिमुकला पक्षी घरटं बांधताना कोळ्याची जाळी वापरतो, हे मी वाचलं होतं आणि पोर्चमधली जाळी काढू नका म्हणत होतो. बायको म्हणाली, ‘लक्ष्मीपूजनाला दारात कोळिष्टकं? आईंना विचारा.’ आईंनी अर्थातच तिची बाजू घेतली. शेवटी पोर्च स्वच्छ, मागची भिंत माझी, असा तह झाला.

५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्या रविवारी मुलीला नांदूर मध्यमेश्वरला नेलं. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण, घरापासून तासाभरावर. मनोऱ्यावरून ती दुर्बिणीत तास-दीड तास बदकं मोजत होती. परतताना म्हणाली, ‘आपल्याकडे चौदा प्रकारचे येतात, मी वहीत लिहिलेत.’ मला हे माहीतच नव्हतं.

नोव्हेंबरमध्येच कागदी काम निघालं. कंपाउंडला लागून गुलमोहर आहे, त्याची एक जाड फांदी वाळलेली. भाऊसाहेबांना ती गाडीवर पडेल म्हणून मुळापासून काढून हवी होती. त्यांचं चूक नव्हतं. पण त्याच फांदीत तांबट पक्ष्याने सुपारीएवढं गोल भोक पाडलं होतं. भांडीबाजारात ठोके पडतात तसा दिवसभर त्याचा टुक-टुक आवाज. तांबट वाळलेल्या लाकडातच घर कोरतो, ते संपलं की तो गेला. १९७५ च्या कायद्याने शहरात झाड तोडायला परवानगी लागते आणि छाटणीलाही आधी उद्यान विभागाला विचारावं लागतं, झाड आपल्या दारातलं असलं तरी. १८ नोव्हेंबरला विभागीय कार्यालयात अर्ज दिला. सोबत आधारची झेरॉक्स, चालू घरपट्टीची पावती, झाडाचे चार बाजूंनी फोटो, सोसायटीचं ना-हरकत. अर्जात मी मुद्दाम लिहिलं: ‘फांदीचा पुढचा भाग धोकादायक आहे, बुंध्याकडचा चार फूट भाग राखून छाटणी मिळावी.’ असा नेमका शब्द घाला. नुसतं ‘फांदी काढावी’ लिहिलंत तर पूर्ण निघते. पोच घ्यायला विसरू नका, तिच्यावरच्या नंबरशिवाय पुढे कोणी बोलत नाही. सव्वीस दिवसांनी पाहणी झाली, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परवानगी आली. मजुरी अठराशे, मी आणि भाऊसाहेबांनी निम्मी-निम्मी दिली. चार फुटांचा ठोंबा उभा राहिला. तांबट आठ दिवस दिसला नाही, मग परत आला.

संक्रांतीनंतर त्याच ठोंब्यावर नायलॉन मांजा लोंबत होता. बंदी आहे तरी असतो. दर वर्षी १५ जानेवारीला शिडी लावून झाडं, तारा, कुंपण सगळं तपासा. अडकलेला पक्षी दिसला तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा. स्वतः ओढू नका, पंख मोडतो.

फेब्रुवारीत आकाशकंदील लावायच्या वायरीला, जी काढायची मी तीन महिने टाळत होतो, शिंजिराच्या मादीने लोंबतं घरटं विणलं. जाळी मागच्या भिंतीवरून आणली. बायकोने ते पाहिलं आणि काहीच बोलली नाही, एवढंच नोंदवतो.

चिमण्यांच्या खोक्यांचं काय झालं? मीटरवरच्यात पाली राहतात. पश्चिमेचा उतरवून पंचवटीत राहणाऱ्या सहकाऱ्याला दिला, त्याच्या जुन्या वाड्याला. तिथे विसाव्या दिवशी काड्या दिसल्या. चिमण्या घोळक्याने राहतात. जिथे आधीच आहेत तिथे खोका लवकर भरतो. आमच्या गल्लीत मुळात त्या नव्हत्या, मी मोकळ्या प्लॉटवर दुकान टाकून गिऱ्हाइकाची वाट बघत होतो.

३० मार्च २०२५, परत पाडवा. सकाळी मागच्या दारात आईचा आवाज: ‘चिमट्यात पाखरू शिरलंय.’ दयाळाची मादी, राखाडी, शेपटी वर. चौपन्नच्या होलमधून ती आत गेली, दोन मिनिटांनी बाहेर आली, परत गेली. नर समोरच्या अँटेनावर बसून शीळ घालत होता. दयाळाला बत्तीसचं होल पुरत नाही, त्याला असंच मोठं लागतं. तोंड उत्तरेला, वर सज्जा, ऊन-पाऊस नाही. सगळी मापं बरोबर होती, फक्त माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हती.

मग घरात नियम झाले. कपडे गच्चीवर. मागचं दार सकाळी नऊपर्यंत बंद. चिमटे तसेच आत, काढायला हात घालायचा नाही. वन्यजीव कायद्याने घरटं, अंडी हलवणं गुन्हाच आहे, आणि कायदा नसता तरी आता कोणी हलवलं नसतं. गुडघेदुखी असून आई रोज गच्चीचा जिना चढली आणि प्रत्येक पायरीला मला ऐकवलं. आठ दिवस मादी एकटीच काड्या, मुळं, केस आणत होती. मग ती आत बसायला लागली, नर बाहेर राखण करी. २९ एप्रिलला पहिल्यांदा चोचीत अळी दिसली, म्हणजे पिल्लं निघाली. त्या दिवसापासून सकाळी साडेपाचपासून दोघांच्या फेऱ्या. मुलीने एका तासात एकवीस मोजल्या.

१२ मेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. सात वाजून दहा मिनिटांनी होलमध्ये एक तोंड आलं, पिवळ्या ओठाचं, डोक्यावर पिसं विस्कटलेली. ते बराच वेळ नुसतं बघत राहिलं. खाली फरशी, समोर तुळस, दाराच्या फटीत आम्ही चौघं. नर भिंतीवर अळी धरून बसला होता, देत नव्हता. मग पिल्लू पडलं म्हणा किंवा उडालं म्हणा, थेट बादलीच्या कडेवर. दुपारपर्यंत चार निघाली. शेवटचं संध्याकाळी जमिनीवर बसून होतं. काकूंचा नातू ते खोक्यात घालून घरी न्यायला निघाला होता. पिसं आलेलं पिल्लू खाली दिसलं तर तिथेच राहू द्यावं, आईबाप खाऊ घालतात. मांजर असेल तर फक्त उचलून झुडपात ठेवावं. माणसाच्या हाताच्या वासाने पक्षी पिल्लू टाकतात, हे खरं नाही.

पंधरा दिवस थांबून खोका उघडला. वर गवताची मुळं, कडुनिंबाच्या काड्या, आईचे पांढरे केस, आणि वीतभर नायलॉन मांजा. खाली सात चिमटे, सगळे जसेच्या तसे. उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून तो परत त्याच खिळ्याला लावला. लाल फुली पुसली नाही. आईला चिमट्यांसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा दिलाय. चौपन्नच्या होलचे आणखी दोन करायचे आहेत, एक काकूंकडे. सोमवारी गेटपासचा अर्ज टाकला. स्टोअर्सवाला म्हणाला, सही व्हायला आठवडा लागेल.